मागच्या रांगेतला आवाज

(भगिनी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या खेपेस मी इथे आले होते तेव्हा वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीविषयी बोलले होते. टाकी झाली. तुमच्या अर्पणातून झाली. उन्हाळ्यात मुलींना हंडे घेऊन ओढ्यावर जावे लागले नाही, त्याबद्दल आधी तुमचे आभार. यंदा पाळकबाईंनी फोनवर विषय सांगितला, 'तरुण मुलींचा आत्मविश्वास'. मी 'बरं' म्हटले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ बसून राहिले. कारण या विषयावर खरे बोलायचे तर मला आधी माझी एक चूक सांगावी लागते.

आमचे वसतिगृह पालघर जिल्ह्यात, जव्हारच्या बाजूला आहे हे तुम्हाला माहीत आहे. मुली बहुतेक वारली, काही कोकणा, काही कातकरी. रविवारच्या उपासनेत मुली गातात आणि पेटी मी वाजवते. थिऑलॉजीचा डिप्लोमा करताना शिकलेली तेवढीच एक गोष्ट रोज कामाला येते, असे मी गमतीने म्हणते.

चार वर्षांपूर्वी नाताळची तयारी चालू होती. बाहेरचे पाहुणे येणार होते, म्हणून मी जरा ताणात होते. आठवीत एक मुलगी होती. उंच, अबोल, कामाला वाघ. पण गळा जड. बाकीच्या मुली काळी चारला सहज गात होत्या आणि हिला काळी एकच्या वर जाववत नव्हते. सगळ्यांच्या बारीक आवाजाखाली हिचा आवाज घागरीतून आल्यासारखा वेगळा ऐकू यायचा. पुढच्या रांगेतल्या मुली हसायच्या. दोन-तीन वेळा सांगून झाले, आणि मग मी तिला बाजूला घेऊन म्हटले, "तू मागच्या रांगेत उभी राहा आणि नुसते ओठ हलव. देवाला मनातले ऐकू येते."

मला त्या वेळी वाटले की मी फार प्रेमाने सांगितले.

तिने ऐकले. दीड वर्ष ती दर रविवारी मागच्या रांगेत उभी राहून ओठ हलवत होती. मी विसरूनही गेले. शाळेतून तक्रार आली की ही मुलगी वर्गात उत्तरच देत नाही, फळ्यावर बरोबर लिहिते पण तोंडाने सांगत नाही. मी तिला अभ्यासाबद्दल बोलले. दोन्ही गोष्टींचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही.

मग एका पावसाळ्यात रात्री वीज गेली. आमच्याकडे वीज जाते ती तीन-तीन दिवस जाते. पाचवीतल्या मुली नव्या होत्या, घरच्या आठवणीने रडत होत्या. मी टॉर्च घेऊन त्यांच्या खोलीकडे गेले तर रडणे थांबलेले. अंधारात कुणीतरी गात होते. खालच्या, भरलेल्या आवाजात, अगदी सावकाश, घरचे काहीतरी. मी दाराशीच उभी राहिले. टॉर्च लावला नाही. गाणे संपल्यावर विचारले, "कोण गं ती?" तर ही.

मी म्हटले, "अगं, इतकं गातेस, मग आजवर का नाही गायलीस?"

ती म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगितलेत."

बंधुभगिनींनो, माणसाला कुणी शिव्या दिल्या तर त्या पचतात. हे मला अजून पचलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला "आता गा" असे सांगितले. ती मान हलवून गेली आणि गायली नाही. ओठ बंद करायला एक वाक्य पुरले, उघडायला ते पुरत नाही. मुलींच्या हातात आता घरोघरचे मोबाईल आहेत. सुट्टीत गाणाऱ्या बायका त्या किती तरी पाहतात. चांगले आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण मी त्यांना विचारले की अशी गायिका व्हावेसे वाटते का, तर त्या हसल्या. "बाई, त्यांचं वेगळं असतं." गोरा चेहरा, बारीक गळा, झगमगीत कपडे. फार लांबचा आदर्श दाखवला की मुलगी मोठी होत नाही, आणखी लहान होते. म्हणून मी अशी बाई शोधू लागले, जिच्यात या मुलीला स्वतःचा तोच दोष दिसेल.

एका संध्याकाळी मी फोनला छोटा स्पीकर जोडून गंगूबाई हनगल यांचे गाणे लावले. कुणाचे ते सांगितले नाही. मुली म्हणाल्या, "हे कोण बुवा आहेत?" मग फोटो दाखवला. साडी नेसलेली, कुंकू लावलेली म्हातारी बाई. सगळ्या हसून लोळल्या. माझी मुलगी हसली नाही. ती फोटो जवळ घेऊन बघत राहिली.

गंगूबाईंची गोष्ट मी त्यांना सांगितली तशी तुम्हालाही थोडक्यात सांगते. त्या १९१३ साली धारवाडला जन्मल्या. आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीचे गाणे गात. मुलीला हिंदुस्थानी गाणे शिकायचे होते, तिच्या गळ्यावर आपल्या गाण्याची छाया पडू नये म्हणून आईने स्वतःचे गाणे थांबवले. गाणाऱ्या घरातली मुलगी म्हणून रस्त्याने जाताना लोक दारात येऊन 'गाणारीण' म्हणून हिणवत. १९२४ साली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, गांधीजी अध्यक्ष होते. स्वागताचे गाणे म्हणणाऱ्या मुलींत ही अकरा वर्षांची गंगू होती. तिला गांधीजींसमोर गाण्याची भीती नव्हती. जेवणानंतर आपल्या जातीमुळे आपल्याला पत्रावळी उचलायला लावतील की काय, याची धास्ती होती. ही गोष्ट त्या म्हातारपणीही सांगत. आमच्या मुलींना ही गोष्ट समजावून द्यावी लागली नाही. त्यांच्यातल्या दोघी-तिघींनी मान खाली घातली, मला त्यातून कळले.

पुढे सवाई गंधर्वांकडे शिकायला त्या हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जात आणि रात्री परत येत. सुरुवातीच्या काळात त्यांच्या ध्वनिमुद्रिका 'गांधारी' या नावाने निघाल्या. जी. एन. जोशींबरोबर त्यांनी गायलेली मराठी भावगीते इथे बसलेल्यांपैकी काहींच्या आईवडिलांनी नक्की ऐकली असतील. त्या वेळी आवाज बारीक होता. मग घशाला त्रास झाला, टॉन्सिलवर उपचार झाले आणि आवाज बदलला. जड झाला, पुरुषासारखा झाला. गाणाऱ्या बाईला यापेक्षा मोठे संकट कोणते? पण त्यांनी मागच्या रांगेत उभे राहून ओठ हलवले नाहीत. बदललेल्या गळ्यालाच त्यांनी आपला गळा मानले, त्याची पट्टी शोधली आणि त्यातच रागाची एकेक पायरी सावकाश चढत पुढची साठ-सत्तर वर्षे गाणे केले. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात लोक त्यांना ऐकायला तासन् तास बसत. २००२ साली पद्मविभूषण मिळाले, २००९ साली वयाच्या ९६ व्या वर्षी त्या गेल्या.

एक गोष्ट त्या थोड्या रागाने सांगत, ती मला आवडते. मुसलमान गवई मोठा झाला की उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित होतो, पण केसरबाई आणि मोगूबाई कितीही मोठ्या झाल्या तरी बाईच राहतात, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या मुली मला बाई म्हणतात, तेव्हा हे आठवून हसू येते.

त्या रात्री एका लहान मुलीने प्रश्न विचारला, "बाई, पण असा आवाज चर्चमध्ये चालतो का?" मी विचारात पडले. मग मला मरियन अँडरसन आठवली. तिची गोष्ट मी दुसऱ्या दिवसावर ठेवली.

मरियन १८९७ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात जन्मली. काळी मुलगी, गरीब घर. वडील बर्फ आणि कोळसा विकत, ती बारा वर्षांची असताना वारले. आई शिक्षिका होती, पण त्या शहरात तिला शाळेत नोकरी मिळेना, तेव्हा लोकांचे कपडे धुणे आणि साफसफाई करून तिने तीन मुली वाढवल्या. मरियन सहा वर्षांची असल्यापासून युनियन बॅप्टिस्ट चर्चच्या मुलांच्या गायनवृंदात गात होती. तिचा आवाज खालचा, खोल. पाश्चात्त्य संगीतात बायकांच्या सगळ्यांत खालच्या आवाजाला काँट्राल्टो म्हणतात, तो. पण तिच्या मंडळीत कुणी तिला ओठ हलव म्हटले नाही. उलट गायनवृंदातले कुणी आले नाही की त्याची ओळ मरियन गायची. सोप्रानो नसेल तर सोप्रानोची, टेनर नसेल तर टेनरची, बास नसला तर त्याचीही, आपल्या पट्टीत बसवून. म्हणून तिने सगळ्या ओळी पाठ केल्या होत्या.

पुढे ती एका संगीत शाळेत नाव घालायला गेली. रांगेत उभी राहिली. खिडकीतल्या मुलीने तिला सोडून मागच्या सगळ्यांचे काम केले आणि शेवटी सांगितले की आम्ही काळ्यांना घेत नाही. मरियन काही न बोलता घरी आली. इथे तिची गोष्ट संपली असती. अशा किती जणींची तिथेच संपली असेल. पण तिच्या मंडळीने पैसे गोळा केले. त्यांतले बहुतेक लोक स्वतः कष्टाची कामे करणारे होते. त्यांनी 'मरियनच्या भविष्यासाठी' म्हणून निधी उभा केला आणि तिला गायनाचे शिक्षण मिळेल अशी सोय केली. मला मरियनपेक्षाही त्या मंडळीचे जास्त नवल वाटते. ती पुढे काय होणार हे त्यांना माहीत नव्हते. इतकेच माहीत होते की ही आपली मुलगी आहे आणि हिचा गळा वाया जाता कामा नये.

१९३० नंतर युरोपने तिला डोक्यावर घेतले. १९३९ साली वॉशिंग्टनमध्ये तिचा कार्यक्रम ठरत होता. तिथले मोठे सभागृह एका महिला संस्थेचे होते. काळ्या गायिकेला सभागृह मिळणार नाही असे ठरले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्या संस्थेचा राजीनामा दिला. आणि मग ९ एप्रिल १९३९ रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशी, मरियन अब्राहम लिंकन यांच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्यावर गायली. थंडी होती, तिने अंगावर फरचा कोट घातला होता. समोर ७५,००० माणसे, काळी आणि गोरी शेजारी शेजारी. रेडिओवर ऐकणारे वेगळे. ती त्या दिवशी ४२ वर्षांची होती, म्हणजे आज माझे जे वय आहे त्याच्या आसपास. ती इतकी घाबरली होती की कार्यक्रम करू नये असे तिला वाटले होते. हे मी मुलींना मुद्दाम सांगते. आत्मविश्वास म्हणजे भीती नसणे, असा त्यांचा समज असतो.

पहिले गाणे देशाविषयीचे होते. त्यात एके ठिकाणी 'मी गाते' असे आहे. मरियनने त्या जागी 'आम्ही' असा शब्द घातला. ज्यांनी नाणी गोळा करून तिला शिकवले, तीही त्या 'आम्ही'त होती असे मी समजते. १९५५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये गाणारी ती पहिली काळी गायिका झाली, वयाच्या ५७ व्या वर्षी, गळा उतरणीला लागला असताना. १९५७ साली ती आपल्या भारतातही येऊन गेली.

मुली हे सगळे गप्प बसून ऐकत होत्या. शेवटी माझी मुलगी म्हणाली, "माझी आजी पण अशीच गाते. जड." मी विचारले, "कुठे गाते?" ती म्हणाली, "लग्न लावते ती."

वारली समाजात लग्न लावणारी बाई असते हे तुमच्यापैकी सगळ्यांना माहीत नसेल. तिला धवलेरी म्हणतात. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात तो सवाशिणी लिहितात, आणि विधीची लांबच लांब गाणी धवलेरी म्हणते. ती गाईपर्यंत लग्न लागत नाही. पाड्यावरचे मोठमोठे पुरुष तिच्या तोंडाकडे बघत उभे असतात. वारली चित्रे आज विमानतळांवर दिसतात आणि जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली याचा आम्हाला अभिमान आहे, पण धवलेरीचे नाव शहरात कुणी ऐकलेले नसते.

आणि इथे माझी दुसरी चूक. मी नवीन कामाला लागले तेव्हा वसतिगृहात आलेल्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगत असे की घरची गाणी घरी ठेवून यायची. धवलेरीच्या गाण्यात देवदेवतांना आवाहन असते आणि ते मी उपासनेत म्हणणार नाही, म्हणू देणारही नाही, हे आजही स्पष्ट सांगते. पण मी त्या वेळी फक्त गाणे बाजूला केले नव्हते. ज्या मुलींच्या समाजात एक बाई उभी राहून गाते आणि सगळे ऐकतात, त्या मुलींना मी सांगत होते की तुमच्याकडे शिकण्यासारखे काही नाही, इथून सुरुवात करा. आपल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजन मंडळीत आणले तेव्हाही काही लोकांनी नाके मुरडली असतील. आज ती गाणी नसतील तर आपल्याला उपासना झाल्यासारखी वाटत नाही. चाल कुठून आली हे आपण विसरलो.

आणि मिर्याम आठवा. तांबडा समुद्र ओलांडल्यावर निर्गमच्या पंधराव्या अध्यायात मोशेचे गीत अठरा वचनांचे आहे. मिर्यामचे एकच वचन आहे. पण डफ हातात घेऊन सगळ्या बायका तिच्याच मागून निघाल्या. ती धवलेरीच होती म्हणा ना. थिऑलॉजीच्या वर्गात हे मला कुणी शिकवले नव्हते, आणि इथे बसलेल्या वडील मंडळींना पटले नाही तर चहाच्या वेळी मला जरूर सांगा.

मी त्या आजीकडे गेले. पाड्यावर चालत दीड तास. आजी अंगणात नागली निवडत होती. मी म्हटले, "आजी, तुमची नात गात नाही, ती माझ्यामुळे." आजीने बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग विचारले, "तिला खाली धरून गाऊ देता का? आमच्यात कुणी वर ओढीत नाही." एवढेच. संगीताचा धडा मला त्या अंगणात मिळाला. मी पाच वर्षे मुलींना पेटीच्या पट्टीकडे ओढत होते, पेटी मुलींच्या पट्टीकडे नेली नव्हती.

त्या वर्षीच्या पुनरुत्थान दिनाला आम्ही एक गीत काळी एकला बसवले. पहिले कडवे तिने एकटीने म्हणायचे, मग बाकीच्यांनी यायचे. फार छान झाले असे मी सांगणार नाही. तिचा आवाज थरथरत होता, दुसऱ्या कडव्याचे शब्द ती विसरली, आणि बाहेर पडताना एका वडील गृहस्थांनी मला विचारले की आज पट्टी चुकली का. पण ती पुढच्या रांगेत उभी होती आणि विसरल्यावर खाली बसली नाही. शब्द आठवेपर्यंत सूर धरून ठेवला तिने. बाकीच्या मुली थांबून राहिल्या. कुणी हसले नाही.

दहावीनंतर अकरावीच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला लागतो. एका कार्यालयात आम्ही तिसऱ्यांदा गेलो होतो. दोनदा 'उद्या या' झाले होते. बसने जायला-यायला दिवस जातो आणि एका मजुरीचे पैसे जातात. मी पुढे होऊन बोलणार, तेवढ्यात ही खिडकीशी गेली आणि म्हणाली, "साहेब, कुठला कागद कमी आहे तो लिहून द्या." ओरडली नाही. तोच खालचा, भरलेला आवाज. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. आतल्या माणसाने वर पाहिले. एक कागद खरोखरच कमी होता, वडिलांच्या शाळेच्या दाखल्याचा. त्याने ते लिहून दिले. चौथ्या फेरीत काम झाले.

बाहेर आल्यावर मी विचारले, "भीती नाही वाटली?" ती म्हणाली, "वाटली. पण खाली धरलं."

ती आता बारावीत आहे. गायिका होणार नाही, नर्सिंगला जायचे म्हणते. रविवारी नव्या मुलींना ती गाणे शिकवते, आणि कुणाचा गळा जड असेल तर आधी त्या मुलीची पट्टी शोधते. माझ्यापेक्षा तिला ते लवकर सापडते.

आता मागणे. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आमच्या बावीस मुली तुमच्या मंडळीत गायला येणार असे पाळकसाहेबांशी बोलणे झाले आहे. मी तिच्या आजीलाही घेऊन येणार आहे. ती उपासनेत गाणार नाही, पण दुपारी जेवणानंतर भगिनी मंडळासोबत बसेल. तिच्याशी बोला, तिला गाऊन दाखवायला सांगू नका, तिला वाटले तर ती गाईल. एसटीचे भाडे आणि एका मुक्कामाची सोय लागेल. अकरा घरांनी दोन-दोन मुली ठेवून घेतल्या तर काम होईल. नावे अध्यक्षाबाईंकडे द्या. आणि एखाद्या मुलीने तुमच्या घरी जेवताना आवाज न काढता नुसती मान हलवली, तर तिला पुन्हा एकदा विचारा, भाजी हवी का म्हणून.